गरोदर व स्तनदा मातांना वेदनाशामक गोळ्यांबाबत दुकानातच मार्गदर्शन मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई.

विषय : चिठ्ठीविना होणारी वेदनाशामक गोळ्यांची विक्री व गरोदर-स्तनदा मातांची सुरक्षितता.

महोदय,

आम्ही बीड जिल्ह्यातील आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका आहोत. आमच्या गावांतून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात, त्यांत गरोदर बायाही असतात. मोळ्या वाहून कंबर धरते. पण खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून गोळी खाऊन पुन्हा फडात उतरायचे. ही गोळी मेडिकलमधून येते, नाहीतर जवळच्या किराणा दुकानातून. दुकानदार कात्रीने स्ट्रिपच्या दोन गोळ्या कापून देतो. औषधाचे नाव, मुदतीची तारीख आणि चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. कोणती गोळी घेतली म्हणून विचारले तर बाई सांगते, "पिवळी होती, बारकी." यावरून आम्ही काय ओळखावे, आणि डॉक्टरांनी तरी काय?

ती गोळी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा निमेसुलाइड असेल, तर पाचव्या महिन्यापासून पोटातल्या बाळाला धोका असतो. बाळाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये याच कारणासाठी विसाव्या आठवड्यापासून या गोळ्या टाळण्याचा इशारा दिला. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी आधीच आकसू शकते.

दुसरीकडे, जी गोळी चालते तिचीच भीती पसरली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉलचा संबंध ऑटिझमशी जोडला. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच सांगितले की, असा संबंध सिद्ध झालेला नाही. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर तो आढळला नाही. गरोदरपणी जास्त ताप अंगावर काढणे हेच धोक्याचे आहे. ताप व दुखण्यासाठी पहिली निवड पॅरासिटामॉलच, तीही लागेल तेवढीच आणि कमीत कमी दिवस, हे प्रशासनाने मराठीत ठामपणे सांगावे.

बाळंतिणीचे गणित वेगळे आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दुधात फार थोडे उतरते. तरी "गोळी घेतलीस, आता पाजू नको" असे घरातून सांगितले जाते आणि बाळाला वरचे दूध सुरू होते. गोळी चुकीची नसताना बाळाचे अंगावरचे दूध तुटते, याचे आम्हाला फार वाईट वाटते. टाळायचे ते कोडीन आणि ट्रामाडॉल, कारण त्यांनी बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. दुखण्यासाठी ॲस्पिरिनही नको.

आमच्या मागण्या :

१. कोणत्याही बाईला वेदनाशामक देण्यापूर्वी "दिवस गेलेत का? अंगावर पाजता का?" हे विचारणे प्रत्येक मेडिकलला सक्तीचे करावे. रुग्णाला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे काम असल्याचे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतच आहे. काउंटरवर ते होते का, हे निरीक्षकांनी पाहावे.

२. सुट्या गोळ्या दिल्या तर पाकिटावर औषधाचे नाव, मात्रा व मुदत मराठीत लिहून द्यावी. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच असते, हे न कळल्याने दुप्पट मात्रा पोटात जाते आणि यकृतावर ताण येतो.

३. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी वेगवेगळ्या सूचनांचा मराठी फलक दर्शनी भागात लावावा. रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन मनाने बंद करू नये, हे त्यावर ठळक असावे. औषधाचा त्रास कळवण्याचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांकही असावा.

४. हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावांत पॅरासिटामॉल, ॲस्पिरिनसारखी मोजकी घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची मुभा आहे. तिच्या आडून डायक्लोफेनॅक विकणाऱ्या किराणा दुकानांची साखर कारखान्यांच्या परिसरात तपासणी करावी.

गाळप हंगामासाठी टोळ्या ऑक्टोबरपासून निघतात. त्यापूर्वी दुकानांत फलक लागावेत आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका, जि. बीड