माकड की वानर?

अंजनेरीच्या पायथ्याचे एक शेतकरी परवा म्हणाले, "साहेब, माकडांनी मक्याची नासाडी केली. वनखात्याच्या अर्जात काय लिहू?" मी विचारले, तोंड लाल की काळे?

बंधूंनो, लाल तोंडाचे ते माकड. गालातल्या पिशव्यांत दाणे कोंबून ते पळते आणि झाडावर बसून सावकाश खाते. काळतोंड्या, लांबशेपट्या तो वानर. त्याला गालपिशवी नाही. पण पोटाला कप्पे असल्याने झाडपालाही पचतो. अमेरिकेतल्या माकडांचा गट निराळा. त्यातली काही शेपटीने फांदी पकडतात. आपल्याकडच्यांना ते जमत नाही, हे बरेच! गोरिला, चिंपांझी यांना मात्र शेपटीच नसते, ते कपी. भारतात कपी एकच, ईशान्येकडचा हुलॉक गिबन.

शेतावर जाऊन पाहिले. टोळी काळ्या तोंडाची निघाली. अर्जात 'वानर' लिहिले.