फाटकाखालून गेलेली पोर्शे

डहाणूचा वीकेण्ड म्हटला की दोन गोष्टी ठरलेल्या. चिकू आणि फाटक. पश्चिम रेल्वेच्या या पट्ट्यात कधी फाटकात अडकला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मालगाडी येते, जाते, आता उघडेल म्हणेपर्यंत उलट्या दिशेने एखादी एक्स्प्रेस! तोवर बाइकवाले दांड्याखालून वाकून पलीकडे पोचलेलेही असतात. त्यांना मनातल्या मनात शिव्या घालताना मला दरवेळी एक जर्मन गाडी आठवते.

साल १९५४. इटलीतली मिल्ले मिलिया. ही शर्यत ट्रॅकवर नव्हे, तर गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर व्हायची, तीही सुमारे १६०० किलोमीटरची. हान्स हेर्मान गाडी हाणतोय, शेजारी हर्बर्ट लिंगं. समोर रेल्वेचं फाटक खाली येतंय, ट्रेन अगदी जवळ आलीय आणि ब्रेक लावायला अंतरच उरलेलं नाही. हेर्मानने लिंगंच्या हेल्मेटवर टपली मारली, दोघं वाकले आणि गाडी दांड्याखालून आरपार! पुढे त्यांनी आपल्या गटात पहिला नंबरही काढला.

ही गाडी म्हणजे पोर्शे ५५० स्पायडर. उंची जेमतेम एक मीटर, डोक्यावर छप्पर नाही, आत दोन सीटा.

तेव्हाची पोर्शे म्हणजे आजचा बडा ब्रॅण्ड नव्हे हं. युद्धानंतर, १९४८ मध्ये, फोक्सवॅगन बीटलचे सुटे भाग वापरून पहिली ३५६ बनवणारी ती एक लहानशी कंपनी होती. फ्रँकफर्टचा फोक्सवॅगन डीलर वाल्टर ग्लोक्लर याने हेच भाग घेऊन स्वतःच्या हलक्या रेसिंग गाड्या बांधल्या आणि शर्यती मारायला सुरुवात केली. एक डीलर हे करतो तर आपण का नाही, असं कंपनीला वाटलं असणारच. ५५० आली ती १९५३ मध्ये. मे महिन्यात नुरबुर्गरिंगच्या पहिल्याच शर्यतीत ती जिंकली आणि चालवणारा होता वाल्टरचाच चुलतभाऊ, हेल्म ग्लोक्लर.

मग तिच्यात एर्न्स्ट फुरमान या इंजिनिअरचं इंजिन बसलं. दीड लिटर, चार सिलिंडर, चार कॅमशाफ्ट, हवेवर थंड होणारं आणि सुमारे ११० हॉर्सपॉवरचं. आकडे कोरडे वाटत असतील तर आपली मारुती ८०० आठवा. वजन तिच्याहून कमी आणि ताकद जवळपास तिप्पट! वेग ताशी २२० किलोमीटरच्या घरात. १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोतल्या कारेरा पानामेरिकाना शर्यतीत हेर्मान सगळ्यांमध्ये तिसरा आला. पुढे होत्या फक्त दोन फेरारी, त्याही तिप्पट मोठ्या इंजिनांच्या. पोर्शेच्या गाड्यांवर ‘कारेरा’ हे नाव दिसतं ना, ते तिथून आलं. गंमत म्हणजे त्या दिवशी पहिला आलेला फेरारीवाला उंबेर्तो मालिओली १९५६ मध्ये ५५० ए मध्ये बसला आणि त्याने सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ जिंकून दिली.

ही सगळी जादू वजन काढून टाकण्याची होती. नको ते काढलं, जड ते काढलं. उरलं ते इंजिन, चाकं आणि पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा. माणसाला वाचवेल असं काही ठेवलंच नव्हतं.

म्हणूनच ५५० म्हटलं की लोकांना शर्यती नाही, जेम्स डीन आठवतो. ३० सप्टेंबर १९५५, कॅलिफोर्निया. हॉलिवूडचा हा २४ वर्षांचा हीरो नवी कोरी स्पायडर घेऊन शर्यतीला निघाला होता. गाडी ट्रेलरवरून न्यायची असं आधी ठरलं होतं, पण इंजिनाला सराव हवा म्हणून ती त्याने स्वतःच चालवत नेली. दुपारी वेगासाठी दंडाची पावती फाटली. संध्याकाळी एका तिठ्यावर समोरून आलेली फोर्ड डावीकडे वळली. फोर्डवाला म्हणाला, मला ती दिसलीच नाही. बुटकी, चंदेरी, उतरत्या उन्हात... मला तरी हे पटतं. गाडी शापित होती वगैरे गोष्टी मात्र सोडून द्या. काही दिवसांपूर्वीच डीनने रस्त्यावर जपून चालवा असं सांगणारी फिल्म शूट केली होती, हे मला शापापेक्षा जास्त टोचतं.

आता आपला रस्ता बघा. राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा ८. चारोटीपासून तलासरीपर्यंत ट्रकांची रांग, मधेच दुभाजकाच्या फटीतून घुसणारी बाइक आणि रविवारी संध्याकाळी घरी पोचायची आपली घाई. याच रस्त्यावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून परतताना, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची मर्सिडीज कठड्यावर आदळली. ती काही ५५० सारखी पत्र्याची डबी नव्हती. एअरबॅग होत्या, चारही जणांसाठी पट्टे होते. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. पोलिसांनी सांगितलं, मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला.

परवा तलासरीहून येताना मी मित्राच्या गाडीत मागे होतो. पट्टा ओढला, तर खटका सापडेना. तो सीट कव्हरच्या खाली शिवला गेला होता! चारोटीला चहाला थांबलो तेव्हा हॉटेलवाल्याकडून सुरी मागून घेतली आणि दोन्ही बाजूंनी कव्हर कापून खटके बाहेर काढले. कव्हरं महिन्याभरापूर्वीचीच होती. मित्र अजून धड बोलत नाहीये.