सही सरकारची, नकाशा रस्त्याचा

पुंडलिकनगरच्या रस्त्याने पाट्या वाचत निघाले की एकाच शहरावर दोन-तीन नकाशे चढलेले दिसतात. पुंडलिकनगर, गजानन महाराज मंदिर, जयभवानीनगर ही नावे पंढरपूर, शेगाव आणि तुळजापूर हाकेच्या अंतरावर आणून ठेवतात. एखाद्या दुकानाच्या विटलेल्या पत्र्यावर अजून ‘औरंगाबाद’ असते, शेजारी ‘संभाजीनगर’, आणि नव्या चकचकीत फलकावर ‘छत्रपती संभाजीनगर’. यातली एकही पाटी कुठल्या मुत्सद्द्याने लिहिलेली नाही. तरीही आपण कोण, आपली भूमी कोणती आणि परका कोण, या प्रश्नांची रोजची उत्तरे याच पाट्या, गाडीवरची चित्रे, शिवजयंतीचे देखावे आणि मोबाइलवरच्या चित्रफिती देत असतात. मानवी भूगोलाचे अभ्यासक याला लोकप्रिय भूराजकारण म्हणतात. मराठवाड्याला या अभ्यासाची जितकी गरज आहे, तितकी फार थोड्या प्रदेशांना असेल.

या विद्येचा मूळ विचार साधा आहे. भूराजकारण तीन ठिकाणी घडते: विद्वानांच्या ग्रंथांत, राज्यकर्त्यांच्या निर्णयांत आणि सामान्य माणसाच्या करमणुकीत. जोआन शार्प यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’ या घरोघरी जाणाऱ्या मासिकाची पाने चाळून शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने स्वतःची ओळख कशी घडवली ते दाखवले. क्लाउस डॉड्स यांनी जेम्स बाँडचे चित्रपट अभ्यासाला घेतले. जेसन डिटमर यांनी कॅप्टन अमेरिका या चित्रकथेवर पुस्तक लिहिले. त्या चित्रकथेच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावतो. अंकावर तारीख आहे मार्च 1941ची, आणि अमेरिका युद्धात उतरली त्या वर्षाच्या डिसेंबरात. मुलांच्या हातातल्या कागदावर शत्रू ठरला होता, सरकारने तो नऊ महिन्यांनी ठरवला.

आपल्या शहरात हे अंतर नऊ महिन्यांचे नव्हते, पस्तीस वर्षांचे होते. 1988 मध्ये महापालिकेच्या निवडणुकीनंतर बाळासाहेब ठाकरे यांनी इथल्या सभेत ‘संभाजीनगर’ म्हटले. 1995 मध्ये युती सरकारने अधिसूचना काढली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि पुढच्या आघाडी सरकारने ती अधिसूचना मागे घेतली. सरकारी कागदावरून नाव पुसले गेले, पण फलकांवरून, लग्नपत्रिकांवरून, गणेश मंडळांच्या कमानींवरून ते हलले नाही. शेवटी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाचा ठराव आणि फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राची मंजुरी आली, तेव्हा शासनाने एका जुन्या पाटीखाली सही केली, इतकेच. उलट उदाहरणही याच शहरातले आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 1978 मध्येच केला होता. सही आधी झाली, पण रस्ता तयार नव्हता. दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, आणि नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत लाँग मार्चने, शाहिरांनी आणि भीमगीतांनी जे काम केले, ते कुठल्याही राजपत्राच्या आवाक्यातले नव्हते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चित्रपट ही करमणूक आहे, प्रेक्षक काही दुधखुळे नाहीत, उगाच त्यात भूगोल कशाला शोधायचा? 2025चा घटनाक्रम बघावा. संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ हा चित्रपट 14 फेब्रुवारी रोजी, शिवजयंतीच्या पाच दिवस आधी, प्रदर्शित झाला. मार्चच्या सुरुवातीला मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी गावकरी रात्री बॅटऱ्या घेऊन शेते खणू लागले, कारण मोगलांचा खजिना तिथे पुरलेला आहे अशी बोलवा चित्रपटानंतर उठली होती. पडद्यावरच्या जागेचे नाव ऐकून माणसे खरोखरीच्या मातीत कुदळ घालत होती. त्याच महिन्यात खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी पेटली. 17 मार्चला तिथून चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात दंगल झाली आणि तिच्यात एकाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत, या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीच्या लोकांच्या भावना पुन्हा उफाळल्या, असे म्हटले. पाठोपाठ पुरातत्त्व खात्याने कबरीभोवती पत्रे उभे केले. करमणुकीने जागा दाखवली आणि शासन तिच्या बंदोबस्ताला धावले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मनापासून घेतला जातो. असा अभ्यास म्हणजे लोकांच्या अभिमानाला नाके मुरडणे, असे अनेकांना वाटते. संभाजी महाराजांची 1689 मध्ये हालहाल करून झालेली हत्या हा कादंबरीकाराचा किंवा दिग्दर्शकाचा कल्पनाविलास नाही. चित्रपटगृहात रडणाऱ्या मुलाचे अश्रू खरे असतात. त्या अश्रूंवर संशय घेणारा अभ्यास मलाही नको आहे. पण दुःख खरे असले तरी ते शेवटी कुठल्या जागेवर आणि कुठल्या शेजाऱ्यावर जाऊन आदळते, हे आपोआप ठरत नाही. पडद्यावर सोळाशे एकोणनव्वद साल असते, दगड मात्र दोन हजार पंचवीसच्या गल्लीत पडतो. मधला रस्ता कोणी आखला, हे विचारणे म्हणजे अभिमानाचा अपमान नव्हे.

हे सगळे पुढाऱ्यांचे कारस्थान, असे म्हणून मोकळे होणारेही आहेत. मला ते पटत नाही. पुढारी ठिणगी टाकतात, पण चित्रफीत पुढे पाठवणारा अंगठा आपला असतो. डॉड्स यांनी बाँडच्या चाहत्यांची मते तपासली ती यासाठीच: प्रेक्षक मिळेल ते गिळत नाही, तो निवडतो, जोडतो, गाळतो.

आणि गाळले काय जाते, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खुलताबादेत फक्त औरंगजेबाची कबर नाही. ज्याने 1610च्या सुमारास खडकी हे आपले शहर वसवले आणि ज्याच्या नहरीने त्याला पाणी पाजले, तो मलिक अंबरही तिथेच विसावला आहे. हा हबशी सेनापती मोगलांशी आयुष्यभर लढला. 1624 मध्ये भातवडीच्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. त्या भोसल्यांचे वेरूळ खुलताबादहून अगदी जवळ आहे. शिवरायांच्या घराण्याचे गाव, मोगलांना अडवणाऱ्या अंबरची कबर आणि औरंगजेबाची कबर ही एका दुपारच्या फेरीत पाहून होतात. पडद्याने यातल्या एकाच ठिकाणावर दिवा धरला, आणि बाकीचा डोंगर अंधारात गेला. आमच्या शाळांतल्या मुलांना कबरीवरचा वाद तोंडपाठ आहे, भातवडीचे नाव मात्र ठाऊक नाही.

म्हणून इथल्या भूगोल आणि मराठी विभागांनी हा विषय एकत्र हाती घ्यावा, तोही मराठीत. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पुंडलिकनगर ते शहागंज अशी पाट्यांची नोंद करावी, कुठले नाव कधी रंगवले ते दुकानदाराला विचारावे, मंडळांच्या देखाव्यांचे विषय वर्षवार लिहून काढावेत. शालेय वर्गात एक तास कर्णपुऱ्याला द्यावा. नवरात्रात या भागातल्या बायाबापड्या पोराबाळांना घेऊन कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला जातात. पाळण्यांच्या गर्दीतून वाट काढत, ओटीचे सामान सांभाळत रांगेत उभ्या राहतात. हा पुरा ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो बिकानेरचा राजा कर्णसिंह औरंगजेबाच्या फौजेतला सरदार होता.