दोन रुपयांचे निर्माते

मराठी सिनेमात मुसलमान आला की डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत आणि तोंडी मोडकीतोडकी हिंदी. बाजारात ठसक्यात मराठी बोलणारी आपली खाला पडद्यावर दिसतच नाही. ही तक्रार मीही वर्षानुवर्षे करत आलो. परवा आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण म्हणाला, "चाचा, तक्रार पुरे. माझ्या सिनेमाला वर्गणी देता का?" मी गप्प झालो.

१९७६ च्या 'मंथन'चे निर्माते होते गुजरातचे ५ लाख दूध उत्पादक. प्रत्येकाने २ रुपये दिले, १० लाख जमले. पटकथा तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे. पुढे तेच शेतकरी गाड्या भरभरून आपला सिनेमा पाहायला गेले. केरळात जॉन अब्राहम यांनीही 'अम्मा अरियान'साठी गावोगाव फिरून लोकांकडून पैसे गोळा केले.

आपण जलशाला, लग्नाच्या जेवणावळीला सढळ हाताने देतो. सिनेमासाठी जकातीला हात लावू नये, तिचे हकदार ठरलेले आहेत. पण खिशातले १०० रुपये तर आपलेच आहेत ना?

मात्र घेणाऱ्याने पैशाचा हिशेब उघडा ठेवावा आणि देणाऱ्याने कथेत ढवळाढवळ करू नये. या तरुणाच्या कथेत तलाक दिलेली एक बाई आहे. "ती काढ, मग पैसे देतो," असे काहींनी त्याला सांगितले. ती काढली तर उरेल ती आपली जाहिरात.

मी वर्गणी दिली. ती बाई राहू दे, एवढेच म्हणालो.