काउंटरमागचे स्टूल

1956 च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून काढून कोल्हापूरला जोडला गेला, तरी आमच्या लोकांचा मोठा बाजार बेळगावचा तो बेळगावचाच राहिला. आणि सणासुदीच्या तोंडावर पाटणे फाट्यावरून, शिनोळीवरून जी कुटुंबे तिकडे खरेदीस जातात, त्यांना हल्ली पेठेतल्या दुकानांपेक्षा वातानुकूलित दालनांची ओढ अधिक वाटते, यात नवल नाही. एका छपराखाली सारे मिळते, भाव लिहिलेला असतो, घासाघीस करावी लागत नाही. तेथे सुकामेव्याच्या मांडणीत काजूची पाकिटे ओळीने लावलेली असतात आणि त्यांवर वजन, दर, तारीख हे सारे छापलेले असते. मात्र ती बी कोणाच्या हातांनी फोडली आणि ते पाकीट फळीवर लावणारी मुलगी सकाळपासून किती तास उभी आहे, हे जाणण्याचा मार्ग गिऱ्हाइकाला ठेवलेला नसतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चंदगडकरास ठाऊक आहे, कारण ते त्याच्या तालुक्यातच आहे. काजूबीच्या टरफलात जे तेल असते ते इतके दाहक की अंगावर पडले तर कातडी भाजते, सोलवटते आणि काळी पडते. बी उकडायची, सुकवायची, मग यंत्राच्या पात्यांत धरून दांडी दाबायची आणि टरफल दुभंगताच आतला गर अखंड काढायचा, हे काम बव्हंशी बायका करतात. बोटांना राख किंवा तेल चोळून त्या कामाला बसतात. हातमोजे घातले की बोट मंदावते आणि मोबदला बहुधा वजनावर असतो, म्हणून मोजे बाजूला राहतात. अखंड गराचा भाव वेगळा, पाकळीचा त्याहून कमी, तुकड्याचा आणखी कमी. व्यापारात ज्याला 240 नंबरी म्हणतात तो गर एका पौंडात 220 ते 240 भरला पाहिजे, इतकी काटेकोर मोजदाद गराची होते. गर काढणाऱ्या हाताची वर्षाकाठी एकदासुद्धा तपासणी व्हावी, अशी अट मात्र माल उचलणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याने घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि ती त्याने घातली पाहिजे.

या व्यवहाराच्या एका टोकाला आई वा मावशी असते, तर दुसऱ्या टोकाला पुष्कळदा त्याच घरातली लेक असते. शिक्षण संपवून बेळगाव, कोल्हापूर, पुणे वा गोव्याकडे गेलेल्या आमच्या भागातल्या किती तरी मुलींची पहिली नोकरी अशा दालनातलीच असते, तीही अनेकदा ठेकेदारामार्फत. बिलाच्या काउंटरवरची अशी मुलगी गिऱ्हाइकाने क्षणभर नीट पाहावी: एका पायावरचा भार ती दुसऱ्यावर घेते, रांग तुटली की कंबर काउंटरच्या कडेला टेकवते, आणि पर्यवेक्षक येताना दिसला की पुन्हा सरळ होते. तिच्यामागे स्टूल ठेवण्याइतकी जागा असते, स्टूल नसते. बसलेला नोकर आळशी दिसतो आणि गिऱ्हाइकाचा मान राहत नाही, अशी जी समजूत व्यापारात रूढ आहे, तिचा शेवटचा आधार आपणच आहोत, कारण तो मान आपल्या नावाने वसूल केला जातो. मी तो कधी मागितला नाही, आणि वाचकांपैकीही कोणी मागितला असेल असे मला वाटत नाही.

केरळातील कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी हा प्रश्न धसास लावला. दिवसभर उभे राहणे सक्तीचे, आणि लघुशंकेस जाण्याची सोय वा मुभा नसल्यामुळे त्या पाणी पिणेच टाळीत. शिवणकाम करणाऱ्या विजी नावाच्या बाईंच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली, आणि अनेक वर्षांच्या झगड्यानंतर 2018 मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क मान्य केला. तामिळनाडूने 2021 मध्ये तेच केले. वस्तुतः कारखान्यांच्या बाबतीत हे तत्त्व फार जुने आहे: 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 44 व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बैठकीची तजवीज ठेवण्याचे बंधन मालकावर घातले होते.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने 10 वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत दिवसाचे 9 तास, आठवड्याचे 48 तास, साप्ताहिक सुटी आणि जादा कामास दुप्पट मोबदला एवढे संरक्षण दिले होते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 9 चे 10 तास करण्यास आणि 10 कामगारांची मर्यादा 20 वर नेण्यास मान्यता दिली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. ज्या नोकरीत पायांना विसावा नाही तिच्यात आणखी एक तास घालणे म्हणजे काय, हे सचिवालयातील खुर्चीवरून उमगणे कठीण आहे. हरियाणातील मानेसर येथे अ‍ॅमेझॉनच्या गोदामात, नेमून दिलेला माल उतरवून होईपर्यंत पाण्यासाठी वा शौचासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यावयास लावल्याचे वृत्त जून 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला स्वतः होऊन दखल घ्यावी लागली. कामगाराच्या शरीराचा हिशेब कोठवर जाऊ शकतो, याची एवढी साक्ष पुरे आहे.

गिऱ्हाइकाने यात काय करावे, याचा एक उत्तम दाखला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. 1891 मध्ये न्यूयॉर्क शहरातील काही स्त्रियांनी ग्राहकसंघ स्थापून ज्या दुकानांत विक्रेत्या मुलींना रास्त वेतन, ठरलेले तास आणि बसावयास जागा मिळते, अशा दुकानांची ‘श्वेत यादी’ प्रसिद्ध केली आणि आपली खरेदी तेथेच करण्याचा निश्चय केला. आपल्याकडे 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांना एकत्र आणून सामुदायिक खरेदीची जी रीत घालून दिली ती मोलाची आहे, आणि आमच्याच जिल्ह्यात वारणा बाजाराने सहकाराच्या पायावर मोठे दालन चालवून दाखवले आहे. परंतु 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून आपण जे हक्क शिकलो ते वस्तूच्या वजनाचे, शुद्धतेचे आणि भावाचे होते; वस्तू देणाऱ्या हाताबद्दलचे कर्तव्य त्यांत कोणी लिहिले नाही, आणि ग्राहक चळवळीने ते आता आपल्या कार्यक्रमात घेतले पाहिजे.

गरीब गिऱ्हाइकाला स्वस्ताई हवी असते, त्याला हा नैतिकतेचा उपदेश कसा परवडावा, असा आक्षेप येईल. तो मी हलका मानत नाही. ज्या घरात उसाचे बिल वेळेवर येत नाही तेथे पाच रुपयेही मोजून खर्च होतात. पण एका स्टुलाची किंमत हजारो पाकिटांवर विभागली तर रुपयाच्या अंशाहून अधिक येणार नाही. बहिष्कार मात्र मी सुचवत नाही, कारण विक्री घटली की पहिली गदा त्या मुलीच्याच नोकरीवर येते. सुचवतो ते इतकेच की दालन बंद होण्याच्या शेवटच्या पाव तासात खरेदीस शिरू नये, काजू घेताना चंदगडच्या बाजारातही हातमोज्यांची चौकशी करावी, आणि बिल चुकते केल्यावर त्या मुलीला नव्हे, व्यवस्थापकाला गाठून तिच्यासाठी स्टूल का नाही हे विचारावे व अभिप्रायाच्या वहीत तेच लिहून ठेवावे. दालन कोल्हापुरातले असेल तर तेथील सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यावा. बेळगावचे असेल तर तेथे कर्नाटकाचा 1961 चा दुकानांचा कायदा चालतो, तेव्हा अर्ज तिकडच्या कामगार खात्याकडे करावा. दहा गिऱ्हाइकांनी एकाच आठवड्यात हा प्रश्न विचारला, तर व्यवस्थापकाला तो वरच्या कचेरीला कळवावा लागेल. या आठवड्यात आपण विचारा.