दोष दाखवणारी परीक्षा

परीक्षा ही केवळ विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येते, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. ती खरी नव्हे. पुलांची परीक्षा होते, दुकानातील तराजूंची व वजनांची परीक्षा होते, समुद्रावर जाणाऱ्या जहाजांची परीक्षा होते; त्याचप्रमाणे रस्त्यावर धावणाऱ्या मोटारगाड्यांचीही परीक्षा होते. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत चूक राहिली, तर फार तर त्याचे गुण कमी होतात. गाडीच्या परीक्षेत एखादा दोष नजरेआड झाला, तर मात्र त्याची किंमत गाडीत बसलेल्यांना आणि रस्त्याने चालणाऱ्यांना द्यावी लागते. म्हणूनच जुन्या गाड्या, विशेषतः जुन्या व्हॅन, ह्या परीक्षेत कशामुळे नापास होतात आणि त्या निकालाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ह्या परीक्षेचे एक बोलके उदाहरण ग्रेट ब्रिटनमध्ये आढळते. तेथे १९६० साली, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना, दहा वर्षांच्या व त्याहून जुन्या गाड्यांची तपासणी सुरू झाली. त्या वेळी ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढ्याच गोष्टी पाहिल्या जात. 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट' ह्या खात्याच्या आद्याक्षरांवरून ती परीक्षा 'एम.ओ.टी.' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे खात्याचे नाव बदलले, परंतु परीक्षेचे नाव टिकून राहिले. अनुभव वाढत गेला, तसतशी ही परीक्षा अधिक कसोशीची झाली. वयाची अट १९६१ मध्ये सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणण्यात आली. १९६८ पासून टायरही तपासले जाऊ लागले. आज तेथील मोटारी आणि लहान मालवाहू व्हॅन तीन वर्षांच्या झाल्या, की त्यांना दर वर्षी ही परीक्षा द्यावी लागते.

इतक्या वर्षांच्या निकालांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. गाड्या बहुधा एखाद्या गूढ किंवा विलक्षण बिघाडामुळे नापास होत नाहीत. दिवे, स्प्रिंगा व त्यांचे सांधे, ब्रेक आणि टायर, हेच दोष तेथे वर्षानुवर्षे अग्रभागी असतात. ह्यांपैकी दिव्यांचा दोष तर विशेष विचार करण्यासारखा आहे. मागचा लाल दिवा लागत नाही, इंडिकेटर लुकलुकत नाही, ब्रेक दाबला तरी मागे उजेड पडत नाही, एवढ्या कारणाने पुष्कळ गाड्या नापास होतात. एक बल्ब बदलण्यास फारसा खर्च येत नाही आणि गाडीभोवती एक फेरी मारली, तर हा दोष कोणासही दिसतो. जो दोष पाच मिनिटांत कळला असता, तो कळण्यासाठी वर्षातून एकदा येणाऱ्या परीक्षेची वाट पाहावी लागावी, हे गाडीचे वैगुण्य नसून माणसाच्या आळसाचे लक्षण होय.

व्हॅनच्या बाबतीत हे दोष अधिक लवकर वाढतात, ह्याला कारण आहे. व्हॅन ही कष्टकरी गाडी होय. ती दिवसभर ओझे वाहते, शंभर ठिकाणी थांबते आणि पुन्हा निघते. ओझ्याचा भार मागच्या पाट्यांवर पडतो. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या ह्या स्प्रिंगा वर्षानुवर्षे वाकून वाकून थकतात आणि एखादे दिवशी त्यांतील एखादा पाटा तडकतो. गाडी मागून खाली बसली, की तिचे तोंड किंचित वर उचलले जाते आणि तिच्या पुढच्या दिव्यांचा प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर पडतो. दोष एका भागात, परंतु धोका भलत्याच ठिकाणी, असा हा प्रकार असतो. चाके वळवणाऱ्या सांध्यांवर रबराच्या टोप्या बसवलेल्या असतात. ती टोपी चिरली, तर आत धूळ व पाणी शिरते, वंगण नाहीसे होते आणि सांधा झिजून खिळखिळा होतो. चिरलेले रबर ही क्षुल्लक बाब वाटते. खिळखिळे झालेले चाक मात्र क्षुल्लक नव्हे.

ब्रेकचे दोष ह्याहून गंभीर असतात. पायाने दाबलेल्या पेडलचा जोर चाकांपर्यंत पोचवण्याचे काम नळ्यांमधील तेल करते. हे तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. तसे झाले, की घाटात वारंवार ब्रेक दाबल्याने उष्णता वाढताच त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे सहज दबतात. त्यामुळे पेडल खाली जाते, पण चाक मात्र थांबत नाही. कधी एका बाजूच्या चाकाचा ब्रेक चांगला लागतो आणि दुसऱ्या बाजूचा लागत नाही. मग गाडी सरळ थांबण्याऐवजी एका बाजूस ओढली जाते. तपासणीच्या वेळी चाके फिरत्या रुळांवर ठेवून दोन्ही बाजूंचा जोर मोजतात, तो ह्याचसाठी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाचे लक्ष जाऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर तर सहज कापले जाते. त्यानंतर ब्रेकच जर दुबळा निघाला, तर पुढे काय होईल, हे सांगावयास नको.

टायरचीही तीच गोष्ट. टायरवरील नक्षी शोभेसाठी नसते. तिच्या खाचांमधून पावसाचे पाणी बाहेर फेकले जाते आणि रबर रस्त्याला धरून राहते. चारचाकी गाडीच्या टायरवरील खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असलीच पाहिजे, असा नियम ब्रिटनमध्ये आहे, तसाच भारतातही आहे. ही खोली एखाद्या जाड पुठ्ठ्याइतकीच असते. परंतु तेवढीही न राहिलेला, गोटा झालेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. चाकांची बैठक बिघडली असेल, तर टायर आतल्या कडेने झिजतो आणि बाहेरून पाहणाऱ्यास तो धडधाकट वाटतो. गंजाचे तर ह्याहून वाईट. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचू नये, म्हणून मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाशी उडून पोलाद खाऊ लागते. कोकणात हेच काम खारा वारा आणि मुसळधार पाऊस करतात. वरून रंगाचा ताजा हात दिलेली व्हॅन खालून पोखरलेली असू शकते.

ब्रिटनमधील ह्या पद्धतीतील दोन गोष्टी अनुकरणीय आहेत. पहिली अशी, की तेथे निकाल केवळ 'पास' वा 'नापास' एवढ्या एका शब्दात संपत नाही. २०१८ पासून दोषांची धोकादायक, मोठे आणि किरकोळ अशी प्रतवारी केली जाते. आज चालेल, परंतु लवकरच दुरुस्त करावे लागेल, अशा गोष्टींची सूचनाही दिली जाते. दुसरी गोष्ट अशी, की गाडीचा क्रमांक ठाऊक असल्यास तिच्या मागील परीक्षांचे निकाल व त्यांत नोंदलेले दोष कोणालाही विनामूल्य पाहता येतात. गाडी विकत घेणाऱ्यास त्यामुळे रंगाकडे न पाहता इतिहासाकडे पाहता येते. गेल्या वर्षी 'टायर झिजत आला आहे' अशी सूचना मिळाली आणि यंदा तोच टायर गोटा होऊन आला, तर तो दोष टायरचा की मालकाचा, हे त्या नोंदीच सांगतात.

महाराष्ट्रातील मुलांना ही परीक्षा परकी नाही. पुष्कळ मुले रोज सकाळी ज्या व्हॅनमधून शाळेत जातात, त्या व्हॅनलाही ती द्यावी लागते. व्हॅनवाले काका तिला 'पासिंग' म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार प्रवासी व माल यांची भाड्याने ने-आण करणाऱ्या गाडीजवळ योग्यता प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी नव्याने घ्यावे लागते. शाळेच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०११ साली स्वतंत्र नियम झाले आणि त्यांनुसार शाळाशाळांतून परिवहन समित्या नेमण्याची तरतूद करण्यात आली.

नियम आहेत, हे उत्तमच आहे. परंतु प्रमाणपत्र म्हणजेच सुरक्षितता, ही समजूत मात्र घातक होय. प्रमाणपत्र एवढेच सांगते, की तपासणीच्या दिवशी गाडी ठीक होती. दुसऱ्या दिवशी ती ठीक असेल, ह्याची हमी कोणताही निरीक्षक देऊ शकत नाही. एखाद्या मालकाने पासिंगच्या दिवसापुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर उसने आणून लावले आणि संध्याकाळी काढून पुन्हा आपले झिजलेले टायर चढवले, तर त्याने निरीक्षकाला फसवले असे त्याला वाटेल. वस्तुतः त्याने निरीक्षकाला फसवलेले नसते. निरीक्षक त्या गाडीत बसत नाही. त्या गाडीत मुले बसतात.

ह्यावर व्हॅनचालकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली जाते आणि ती न्याय्य आहे. व्हॅन हेच त्यांच्या संसाराचे साधन असते. गाडी एक दिवस उभी राहिली, की त्या दिवसाची कमाई बुडते. गॅरेजचा खर्च वेगळाच. भाडे ठरवताना पालक पै-पैची घासाघीस करतात आणि गाडी मात्र नव्यासारखी असावी, अशी अपेक्षा धरतात. हे सारे खरे आहे. परंतु त्यातून दुरुस्ती टाळावी असा निष्कर्ष निघत नाही. ती वेळेवर करावी, असाच निघतो. रबराची टोपी वेळीच बदलली, तर सांधा वाचतो; सांधा वाचला, तर टायर वाचतो. लहान दोष स्वस्त असतो आणि वाढू दिलेला दोष महाग पडतो. पालकांनीही भाडे किती, हे विचारण्याबरोबर ब्रेकचे काम केव्हा केले, हे विचारले पाहिजे आणि चांगल्या निगराणीसाठी चार पैसे अधिक देण्याची तयारी ठेवली पाहिजे. शाळेच्या परिवहन समितीने प्रमाणपत्राची मुदत तेवढी पाहून समाधान मानू नये. तपासणीत कोणते दोष निघाले आणि ते केव्हा दुरुस्त झाले, ह्याची एक वही प्रत्येक व्हॅनमागे ठेवावी आणि ती पालकांना वाचावयास मिळावी. असे झाल्यास दोष लपवण्याची गरज उरणार नाही आणि जो चालक आपली गाडी नीट राखतो, त्याला त्याचे श्रेय मिळेल.

गाडीचे वय हा मुळी गुन्हा नव्हे. बारा वर्षांची, परंतु निगुतीने राखलेली व्हॅन ही चार वर्षांच्या हेळसांड झालेल्या व्हॅनपेक्षा अधिक विश्वासाची असते. तसेच नापास होणे हीदेखील मोठी नामुष्की नव्हे. ज्या परीक्षेत कधीच कोणी नापास होत नाही, ती परीक्षा कोणाचे रक्षणही करीत नाही. तपासणीच्या खड्ड्यावर उभी असताना तडकलेला पाटा सापडला, तर मालकाला एक दिवस थांबावे लागते. तोच पाटा घाटाच्या वळणावर तुटला, तर थांबण्यास सवड मिळतेच असे नाही. म्हणून दोष दाखवणाऱ्या निरीक्षकाचा राग न धरता त्याचे आभार मानले पाहिजेत.

मुलांनी निरीक्षक व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोज व्हॅनमध्ये बसताना त्यांचे डोळे उघडे असतात. मागचा दिवा लागत नसेल, दार नीट बंद होत नसेल, ब्रेक दाबताना खरखर ऐकू येत असेल, तर ती गोष्ट काकांना नम्रपणे सांगणे आणि घरी आईवडिलांच्या कानावर घालणे, एवढे त्यांना निश्चित करता येईल. समजूतदार चालकाला त्याचा राग येणार नाही. वर्षाची परीक्षा निरीक्षक घेईल; परंतु रोजची परीक्षा, सकाळी गाडीभोवती एक फेरी मारून, चालकालाच घ्यावी लागते आणि ह्या परीक्षेला सुटीचा दिवस नसतो.