निष्ठेचा दाखला आणि ९२वी डिव्हिजन

रक्त सांडले की संशय फिटतो, अशी एक भाबडी समजूत जगभरच्या अल्पसंख्याकांमध्ये असते. आपल्यातही आहे. या समजुतीचे खरे काय होते ते पाहायचे असेल, तर अमेरिकी सैन्याच्या ९२व्या पायदळ डिव्हिजनचा इतिहास वाचावा.

ही डिव्हिजन १९१७ साली उभी राहिली. सैनिक सगळे कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी गोरे. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदान जवळपास अशक्य केले होते आणि जमाव त्यांना झाडाला टांगत होते. तरीही ड्यू बॉइस यांच्यासारख्या कडव्या विचारवंताने जुलै १९१८ मध्ये ‘क्रायसिस’ मासिकात आवाहन केले की, युद्ध संपेपर्यंत आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवू या. आधी निष्ठा दाखवू, हक्क मागाहून मिळतील, असा हिशेब होता.

मोबदला काय मिळाला? कॅन्ससमध्ये एका कृष्णवर्णीय सार्जंटला थिएटरात प्रवेश नाकारला गेला. थिएटरवाल्याचे वागणे बेकायदा आहे, हे डिव्हिजनचे प्रमुख जनरल बॅलू यांना मान्य होते. तरी त्यांनी परिपत्रक काढून सैनिकांनाच बजावले, की जिथे तुमच्या येण्याने वाद होईल तिथे जाऊ नका. ही डिव्हिजन गोऱ्यांनी घडवली आहे, ते ती मोडूही शकतात. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण गप्प तुम्हीच बसा! हा समजूतदारपणाचा उपदेश आपल्या ओळखीचा आहे.

सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या म्यूज-आर्गोनच्या लढाईत या डिव्हिजनच्या ३६८व्या रेजिमेंटची चढाई फसली. काटेरी तारा कापायची साधने अपुरी, नकाशे अपुरे, तोफखान्याची साथ अपुरी. तरी भित्रेपणाचा खटला चालला तो पाच कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांवर, आणि त्यांतल्या चौघांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे फेरतपासणीत ते सुटले. शिक्का मात्र अख्ख्या समाजावर बसला, तो पुढच्या महायुद्धापर्यंत पुसला गेला नाही.

१९४२ मध्ये डिव्हिजन पुन्हा उभी केली, तीही चार राज्यांतल्या चार छावण्यांत विखरून. इतके सशस्त्र कृष्णवर्णीय एका जागी नकोत, ही भीती त्यामागे होती. पुढे ॲरिझोनातल्या फोर्ट वाचुका इथे सगळे एकत्र आले, तर तिथे अधिकाऱ्यांचे क्लब दोन होते, इस्पितळेही दोन. हिटलरच्या वंशवादाशी लढायला निघालेल्या सैन्याची ही घरची व्यवस्था!

१९४४ साली डिव्हिजन इटलीत पोहोचली. २६ डिसेंबरला जर्मनांनी सेर्कियो नदीच्या खोऱ्यात हल्ला चढवला आणि डिव्हिजनची फळी मागे रेटली गेली. त्याच दिवशी सोम्मोकोलोनिया गावात लेफ्टनंट जॉन फॉक्स यांनी शत्रूने वेढल्यावर आपल्याच तोफांना स्वतःच्या जागेवर मारा करायला सांगितले. नंतर त्यांच्या मृतदेहाभोवती सुमारे शंभर जर्मन सैनिकांचे मृतदेह सापडले. या हल्ल्यातून आणि फेब्रुवारीत चिंक्वाले कालव्यावर फसलेल्या चढाईतून वरिष्ठांनी निष्कर्ष काढला, की कृष्णवर्णीय लढू शकत नाहीत.

आता त्याच डिसेंबरात आर्देनच्या जंगलात काय घडले ते पाहा. गोऱ्या सैनिकांच्या १०६व्या डिव्हिजनच्या दोन रेजिमेंट, हजारो माणसे, जर्मनांना शरण गेली. ‘गोरे लढू शकत नाहीत’ असे कुणी म्हटले? तिथे चूक नियोजनाची ठरली, हवामानाची ठरली. बहुसंख्याकांचा पराभव ही घटना असते, अल्पसंख्याकांचा पराभव हा त्यांचा स्वभाव ठरतो. पराक्रमाचे नेमके उलटे होते. फॉक्स शूर निघाले, तर ते एकटे शूर. भित्रेपणा तेवढा सगळ्यांचा.

सेर्कियोच्या खोऱ्यात ९२व्या डिव्हिजनच्या मदतीला ८वी भारतीय डिव्हिजन आली होती. त्याच डिव्हिजनच्या दोन जवानांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. एक मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव, आपल्या अहमदनगर जिल्ह्यातले. दुसरे पठाण मुसलमान, अली हैदर. गुलाम देशाच्या सैनिकांना साम्राज्याने पदक दिले, स्वातंत्र्य दिले नाही. अमेरिकेने आपल्या कृष्णवर्णीय नागरिकांना पदकसुद्धा दिले नाही. दुसऱ्या महायुद्धात चारशेहून अधिक ‘मेडल ऑफ ऑनर’ दिली गेली, त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता.

व्हर्नन बेकर यांनी ५ एप्रिल १९४५ ला अघिनोल्फी किल्ल्याजवळची जर्मन ठाणी एकामागून एक उद्ध्वस्त केली. कुमक आणतो म्हणून मागे गेलेला गोरा कॅप्टन परतलाच नाही. बेकरना ते पदक १९९७ मध्ये मिळाले, बावन्न वर्षांनी. त्या दिवशी गौरव झालेल्या सात जणांत जिवंत असलेले ते एकटेच. फॉक्स यांचे नावही त्या सातांत होते. आणि आपल्या सैनिकांना नालायक म्हणणारे डिव्हिजनचे सेनापती जनरल आल्मंड? ते पुढे कोरियाच्या युद्धात एका कोअरचे प्रमुख झाले.

मग सैन्यातला वर्णभेद हटला कशामुळे? मार्च १९४८ मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सिनेटच्या समितीपुढे स्पष्ट सांगितले, की वेगळ्या रांगेत उभे करणार असाल तर मी आमच्या तरुणांना भरती नाकारायला सांगेन. वर्ष निवडणुकीचे होते, कृष्णवर्णीयांची मते ट्रुमनना हवी होती. २६ जुलैला आदेश निघाला. तीस वर्षे दिलेले रक्त जे करू शकले नाही, ते ठाम नकार आणि मतपेटीने काही महिन्यांत करून दाखवले.

म्हणून माझे आपल्या वक्त्यांशी भांडण आहे. ब्रिगेडियर उस्मान आणि हवालदार अब्दुल हमीद यांची नावे जरूर घ्या, पण आरोपीने पुरावे मांडावेत तशी घेऊ नका. ते देशाचे हुतात्मे आहेत, आपल्या जामिनाचे कागद नाहीत. ज्याला संशय घ्यायचाच आहे, त्याला हजार हुतात्मे दाखवा, तो हजार-एकावा मागेल. संविधानाने नागरिकत्व देताना कुणाकडे शौर्यपदक मागितलेले नाही. जो मुसलमान कधी सैन्यात गेला नाही, ज्याने यंत्रमाग चालवला, भाजी विकली, रिक्षा ओढली, त्याचा या देशावर हक्क अब्दुल हमीद यांच्या हक्काएवढाच आहे. दाखला मागणाऱ्याला उत्तर एकच: हा विचारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?